दारातून सरळ बाहेर

आमच्या घरात 'जाते' म्हणायचं नाही. तसं ते फारशा मराठी घरांत म्हणत नाहीत, पण आमच्याकडे तो नियम जरा जास्तच जपलेला. बाहेर पडणाऱ्याने 'येते' म्हणायचं, घरातल्याने 'ये' म्हणायचं. डबा रिकामा झाला तर तांदूळ 'संपले' नाहीत, 'वाढले'. देवापुढचा दिवा 'विझवायचा' नाही, 'शांत करायचा'. माझी आई कोकणातून लग्न होऊन डोंबिवलीत आली ती हे सगळं बरोबर घेऊनच. आम्ही भावंडं भांडताना एकमेकांना 'मर' म्हणालो की ती लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यायची. "वास्तू ऐकत असते. सारखी तथास्तु म्हणत असते ती. नेमकं कशावर म्हणेल, सांगता येतं का?"

बहुतेक लोकांच्या बाबतीत हे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडण्यासारखं असतं. माझा भाऊ तर मुद्दाम 'चाललो' म्हणून ओरडत जिना उतरायचा आणि धडधाकट परत यायचा. माझ्यात मात्र ते आत जाऊन बसलं. चाळिशी उलटेपर्यंत गप्प बसलं, म्हणून मला त्याचा पत्ता लागला नाही.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. डोंबिवलीशेजारी कोपरला आमच्या घराच्या बंद केलेल्या गॅलरीत फळा आहे, दहावीची पोरं येतात. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई अडाणी असणार. मी संभाव्यता शिकवते. आधी छापा पडला की काटा, हे नाण्याच्या लक्षात राहत नाही, हे मी वर्षानुवर्षं पोरांच्या डोक्यात घालत आले. दुपारी हे शिकवायचं आणि सकाळी दारात उभं राहून पोटच्या पोरीला म्हणायचं, "परत आत ये. परत म्हण."

मुलगी ठाण्याला कॉलेजात जायला लागली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती 'येते' म्हणाली, मी 'ये' म्हणणार, तेवढ्यात डोळ्यांसमोर चित्र आलं. ती रस्त्यावर पडलेली. सॅक एकीकडे, ती एकीकडे. कुठून आलं, कसं आलं, काही नाही. आणि त्या चित्रावरच माझ्या तोंडून 'ये' गेलं. वास्तू काय ऐकते? तोंडातलं की मनातलं? मी धावत लिफ्टपाशी गेले आणि तिला परत बोलावलं. ती हसत आली, "येते गं माझे बाई," म्हणाली. मी मन कोरं ठेवून 'ये' म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती घरी आली. गोम तिथेच होती. ती रोजच घरी येत होती, पण त्या दिवसापासून तिच्या येण्याचं श्रेय माझ्या त्या 'परत म्हण'ला मिळायला लागलं. एकदा मिळालं की ते काढून घ्यायची हिंमत कोण करणार? पोटच्या पोरीवर प्रयोग करून बघायचा?

मग ते वाढत गेलं. 'येते' म्हणताना तिने माझ्याकडे बघायला हवं. उंबऱ्याच्या आत असताना म्हणायला हवं. मी 'ये' म्हणेपर्यंत मनात काही यायला नको, आणि नको म्हटलं की ते हमखास येणारच. आलं की मनातल्या मनात 'नको, नको, नको' म्हणून ते पुसायचं आणि तिला परत बोलवायचं. ती लिफ्टमधून परत, गेटवरून परत, कधी रिक्षात बसलेली असताना फोनवर. "आई, म्हणाले ना मी!" "नीट नाही म्हणालीस." एकदा वैतागून तिने मला तो शब्द रेकॉर्ड करून पाठवला. "घे. पाहिजे तेवढ्या वेळा ऐक." दोनचार दिवस मी खरंच सुखात होते. मग शंका आली की आधी रेकॉर्ड केलेलं आजच्या दिवसाला चालतं का. संपलं सुख.

दिवसभर मला बसवत नसे. भाजी चिरताना उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं, सुरी उचलायची, ठेवायची. फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत असताना मधेच मनात वाक्य उमटायचं, 'ती मेली'. उमटताना जो आकडा लिहिला तो अपशकुनी, म्हणून मी पुसायचे आणि परत लिहायचे. पोरं म्हणायची, "मॅडम, बरोबर होतं की ते!" मी त्यांच्यावरच खेकसायचे. सगळ्यांवरच खेकसायचे. आणि आत एक वेगळीच भीती कुरतडत होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. जी आई दिवसभर आपल्या मुलीचं मरण बघते, ती कसली आई? मला ते हवं तर नसेल? हा प्रश्न मनात आला की मी देवघरापुढे जाऊन नाक घासत असे.

टिटवाळ्याच्या गणपतीला जायला लागले. नेमकं मूर्तीपुढे हात जोडले की तेच चित्र. मग रांगेत परत उभं राहायचं. नवऱ्याला वाटायचं, बायको भाविक झाली.

हीच तर मजा आहे आमच्या लोकांची. मी हात धूत बसले असते तर कधीच कुणीतरी ओळखलं असतं. आमच्या नात्यातली एक बाई नळही धुवायची, साबणही धुवायची. तिला सगळे मंत्रचळ लागलाय म्हणायचे, हसायचे. मला कोण हसणार? मी तर मुलीला संस्कार लावत होते. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, "हिचा भारी जीव आहे हो लेकीवर. नीट निरोप घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू देत नाही. आजकाल कुठे राहिलंय हे?" मी जास्तच कावरीबावरी दिसले तर त्या मीठमोहऱ्या घेऊन नातीची दृष्ट काढायच्या. नवरा बिचारा ठाण्याच्या कोर्टात नोकरीला. शांत माणूस, भांडण नको म्हणून काहीही करणारा. तो दारात एकदा, लिफ्टपाशी एकदा आणि गेटवरून वर बघून एकदा, न मागता 'येतो' म्हणून जायचा. सगळं घर माझ्या आजाराची सेवा करत होतं आणि त्याला माया म्हणत होतं. मीही तेच म्हणत होते.

मुलीला ठाण्यातच नोकरी लागली. नवीन नोकरी, रोज उशीर. कारण विचारलं तर ती काय सांगणार? आईने सोडलं नाही? एक दिवस तिला ऑफिसात सगळ्यांपुढे काहीतरी मांडून दाखवायचं होतं, आदल्या दिवसापासून तिची तयारी चालली होती. सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ती दारात उभी राहिली. येते म्हणाली. मला चित्र आलं. परत बोलावलं. परत चित्र. लिफ्टमधून बोलावलं. गेटवरून बोलावलं. ती वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागाने नाक लाल झालेलं.

"आई, मी लेट झालेय. प्लीज."

"एकदाच. शेवटचं."

"रोज शेवटचंच असतं तुझं!" ती ओरडली. "जाते मी. ऐकलंस? जाते, जाते, जाते!"

आणि गेली.

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते नीट सांगता येणार नाही. घरभर फिरत होते. फोन लावत होते, ती उचलत नव्हती. वारंवार फोन वाजतोय आणि उचलत नाही म्हणजे चित्रातलंच झालं असणार. शेवटी मी तशीच निघाले. अंगात गाऊन, वर ओढणी. आमच्याकडे बायका तशा अवतारात खाली भाजी आणायला जातात, ठाण्याला जात नाहीत. मी गेले. स्टेशनला उतरून रिक्षा केली, तिच्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत शिरले आणि तिथल्या वॉचमनला म्हटलं, मुलीला खाली बोलवा, घरी प्रकरण फार गंभीर आहे.

ती धावत आली. गळ्यात ओळखपत्र, चेहरा पांढरा पडलेला. "काय झालं? आजी?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "फक्त एकदा नीट म्हण. मी लगेच जाते."

मी स्वतः 'जाते' म्हणाले, तेही मला कळलं नाही. तिने माझा गाऊन बघितला, पायातल्या घरातल्या सपाता बघितल्या. लिफ्टपाशी तिच्या ऑफिसातली माणसं उभी होती, ती आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. मग अगदी सपाट आवाजात ती म्हणाली, "येते."

"ये," मी म्हटलं. मन कोरं होतं. इतकं छान कोरं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

"झालं?" ती म्हणाली. "आता घरी जा. आणि बाबांना सांग, मी आज आत्याकडे जातेय. घरी येणार नाहीये."

नणंद टिटवाळ्याला राहते, तिकडच्या नव्या इमारतींपैकी एकीत. मला वाटलं, रागात बोलली. रात्र गेली, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नवरा तिचे कपडे घेऊन गेला. कोपरहून ठाणं किती जवळ, तरी ती टिटवाळ्याहून धिम्या गाडीने कल्याण आणि तिथून ठाणे असा द्राविडी प्राणायाम करून कामावर जात होती. आणि वर तेच बरं वाटतंय म्हणत होती. वडिलांबरोबर तिने निरोप पाठवला, "आईला डॉक्टरकडे न्या. ज्या दिवशी मला आपल्या दारातून सरळ बाहेर जाता येईल, त्या दिवशी मी राहायला येईन."

मी किती जळफळले! एवढ्याशा शब्दासाठी घर सोडतात? पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. त्या दिवशी ती येते म्हणाली होती, मी मन कोरं ठेवून ये म्हटलं होतं, सगळं अगदी जसं व्हायला हवं तसं झालं होतं. आणि ती आली नव्हती. धडधाकट होती आणि आली नव्हती. ती परत यावी म्हणून मी जे करत होते, त्यानेच ती यायची थांबली होती. गणिताच्या बाईला हे कळायला एवढा वेळ लागावा, याची लाज वाटली.

ठाण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे लहानपणापासून डोक्यात. ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव घेऊन लोक काय चिडवतात तेही माहीत. बाहेरच्या बाकावर मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते, न जाणो एखादा पालक भेटायचा. आत गेल्यावर मी संस्कार, शब्द, वास्तू असं बरंच बोलले. चित्राचं बोलले नाही. बाई ऐकत होत्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तिला परत बोलावण्याआधी मनात काय येतं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो उठून बाहेर गेला. पंचवीसेक वर्षांच्या संसारात त्याने केलेली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. मी सांगितलं. रडत रडत, सगळं. शेवटी म्हटलं, "मला ते हवंय का हो?"

"असे विचार सगळ्यांना येतात," त्या म्हणाल्या. "गॅलरीत उभं राहिलं की उडी मारली तर काय, असं मलाही येतं. येतं आणि जातं. तुम्ही त्याला धरून ठेवता, कारण तुम्हाला ते बिलकूल नकोय. हवं असतं तर घाबरला नसता."

मला हायसं वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं जे पाप म्हणून पोटात ठेवलं ते हिच्याकडे रोजचंच? त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ओसीडी. मराठीत मंत्रचळच म्हणतात, म्हणाल्या. मी ताडकन म्हटलं, "तो हात धुणाऱ्यांना होतो." त्या हसल्या. हात धुणं काय, कुलूप बघणं काय, येते म्हणवून घेणं काय, आत यंत्र एकच, असं त्यांनी समजावलं. भीती येते, ती घालवायला काहीतरी केलं जातं, घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावरच भीती पोसली जाते. पुढच्या वेळी ती जास्त मागते. "तुमच्या घरात सगळे तिला जेवू घालतात," त्या म्हणाल्या. मला तिथेच सासूबाई आठवल्या.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस पोटात ढवळायचं आणि मन आणखीच उड्या मारायचं. लगेच गुण येणार नाही, आठवडे लागतील, हे त्यांनी आधीच बजावलं होतं, म्हणून टिकले. पण खरी कसरत दुसरीच होती. भीती वाटेल ते मुद्दाम करायचं आणि नंतर ती घालवायला काही म्हणजे काही करायचं नाही. भीती चढेल, थांबेल, आपोआप उतरेल. उतरवायची नाही. ऐकायला किती सोपं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हिला फी देऊन मी स्वतःला छळून घ्यायचं?

सुरुवात तांदळापासून झाली. मी डब्याचं झाकण उघडलं आणि मोठ्याने म्हटलं, "तांदूळ संपले." अर्धा डबा भरलेला होता, तरी मी झाकण टाकून मागे सरकले. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "अगं, काय अभद्र बोलतेस भरल्या घरात!" मग दिव्याची पाळी. "दिवा विझवला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्यावरच फुंकर घातली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकदा बोलावून घेतलं होतं. त्या सगळं नीट ऐकून आल्या आणि म्हणाल्या, "त्या म्हणतात ते पटतं मला. पण माझ्या कानांना सवय नाही." तेव्हापासून माझी कसरत सुरू झाली की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या. अडवायच्या मात्र नाहीत.

नवऱ्याने 'जातो' म्हणून निघायचं ठरलं. तो दारात उभा राहिला, माझ्याकडे बघून चोरासारखा 'जातो' म्हणाला. मी 'जा' म्हटलं. मी खुर्चीत बसून राहिले, हात मांड्यांखाली दाबून. चांगलं चाललं होतं. तर लिफ्टचं दार लागायच्या आत बारीक आवाज आला, "येतो गं." मला एवढं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच एवढा संताप आला! संध्याकाळी मी त्याला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "अगं, तुझा चेहरा बघवेना. सवय झालीय." बाईंनी त्याला सांगितलं, की काळजी वाटली तर हिला चहा करून द्या, शब्द देऊ नका. त्यानंतर बराच काळ मला नको तेवढा चहा मिळाला.

आणि मग ते वाक्य. रोज सकाळी घरात बसून मोठ्याने म्हणायचं, "माझी मुलगी आज परत येणार नाही." पहिल्या दिवशी ओठच उघडेनात. वास्तू चारी भिंतींतून कान लावून बसल्यासारखी वाटत होती. शेवटी म्हटलं. मी उठले, बसले, परत उठले. पंखा लावला, बंद केला. म्हणत राहायचं होतं, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा! पोरीच्या मरणाचा कुणाला कंटाळा येतो? पण पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला पकडलं. "म्हणून झाल्यावर मनात 'नको, नको' म्हणता ना?" खरं होतं. "आणि वाक्य चुकलं तर पहिल्यापासून म्हणता?" तेही खरं होतं. उपचाराचाच मी नवा सोपस्कार करून टाकला होता, अगदी ठासून, नीट, निर्दोष. मला हसू फुटलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले. त्यांनी सांगितलं, आता चुकीचं म्हणा, अर्धवट सोडा, भाजी निवडताना म्हणा.

मी मेथी निवडताना म्हणायला लागले. आणि खरंच, एका सकाळी ते वाक्य म्हणता म्हणता माझं लक्ष गेलं की मेथीत फार माती आहे आणि भाजीवाल्याशी भांडायला हवं. वाक्य तोंडात होतं. चित्रही आलं होतं कोपऱ्यात कुठेतरी. पण मला मातीचा राग जास्त आला होता.

बरी झाले असं म्हणत नाही. वाईट दिवस मधूनच यायचे. त्या दिवशी टिटवाळ्याला फोन करून 'पोचली का' विचारायला बोटं शिवशिवायची. नणंदेलाही ताकीद दिलेली होती, ती गोड बोलून विषय बदलायची. मी फोन आपटायचे. पण मुलीला फोन केला की तब्येत, जेवण, ऑफिस एवढंच बोलायचं, आणि ठेवताना काही न म्हणता ठेवायचा, हे जमायला लागलं.

रविवारी ती जेवायला यायला लागली. निघताना वडील मुद्दाम गॅलरीत जायचे आणि आजीच्या टीव्हीचा आवाज वाढायचा. दारात आम्ही दोघी. ती माझ्याकडे जपून बघायची, 'जाते' म्हणायची. मी 'जा' म्हणायचे. दार लावून मी पाठ टेकून उभी राहायचे. ती तशीच टिटवाळ्याला जायची. राहायला ये, असं मी कधी म्हटलं नाही. अट माझी नव्हती, आणि दारात ती अजूनही श्वास रोखून उभी असते, हे मला दिसत होतं. मला बरं वाटणं एक आणि तिचा विश्वास बसणं एक. दुसरं माझ्या हातात नव्हतं, आणि जे हातात नाही त्याने मला अजूनही चैन पडत नाही.

मग एका रविवारी तिला ताप आला आणि ती रात्री राहिली. सोमवारी सकाळी ताप नव्हता. घरात नुसती धांदल. पोरांची परीक्षा जवळ आलेली म्हणून सकाळची जादा बॅच बोलावलेली, ती दारात येऊन थडकलेली. दूध उतू गेलं, सासूबाईंचा चष्मा सापडत नव्हता, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. मुलगी फोनवर कुणाला तरी इंग्रजीत फाइल कुठे ठेवली ते सांगत, केस बांधत, पोळीचा रोल तोंडात धरून इकडून तिकडे धावत होती. मी गॅसचा ओटा पुसला, चष्मा फ्रिजवर सापडला तो दिला, पोरांना आत घेतलं, फळा पुसला आणि शिकवायला लागले.

बऱ्याच वेळाने, संभाव्यतेचं उदाहरण घालता घालता, माझ्या लक्षात आलं की घर शांत आहे. ती गेली होती. ती काय म्हणून गेली? येते म्हणाली की जाते? मी काय म्हटलं? दारात होते तरी का मी? मला काहीच आठवेना. खडू हातात तसाच घेऊन मी आतल्या दाराकडे वळले. फोन स्वयंपाकघरात होता. 'निघताना काय म्हणालीस गं?' एवढंच तर विचारायचं. पोरं वाट बघत होती. एकाने विचारलं, "मॅडम, पुढे?"

मी पुढे सांगितलं. उदाहरणात एक चूक झाली. ती मी नुसती दुरुस्त केली. सगळं पुसून पहिल्यापासून लिहिलं नाही.

दोन बॅचच्या मधे पाणी प्यायला आत गेले. ओट्यावर फोन होता, त्यावर तिचा मेसेज आलेला.

'आई, आज मी सवयीने लिफ्टपाशी थांबलेले. तू हाकच मारली नाहीस. शनिवारी सामान घेऊन येते.'

मला रडू आलं. ओढणीने डोळे पुसले तर खडूची पूड डोळ्यांत गेली. मग मला तो मेसेज परत वाचायचा होता. नीट, सावकाश, मन कोरं ठेवून, ती खरंच तसं म्हणाली आहे ना याची खात्री करत. बाहेर दुसरी बॅच आली होती, चपला काढल्याचे आवाज येत होते. मी फोन पालथा ठेवला आणि वर्गात गेले.